बोटं पांढरी पडू द्यायची नाहीत

मैदानावर जाताना काय काय न्यायचं याची यादी माझ्याकडे असायची. काथ्याची मॅटिंग, ती ठोकायचे लांब खिळे, हातोडी, स्टंप, दोन बॅट, पॅड, पाण्याची कळशी आणि पितळेचा पेला. ऐंशीच्या दशकात आमच्या रत्नागिरीच्या कॉलेजात मुलींचा क्रिकेटचा संघ निघाला, तेव्हा सरांनी सामानाची जबाबदारी माझ्यावर टाकली, कारण बाकीच्या मुली खिळे विसरायच्या आणि मी विसरत नसे. कापूस आणि चिकटपट्टी मात्र त्या यादीत नव्हती. ती नंतर आली आणि अजून आहे. मी लग्नाला निघाले काय किंवा बाजाराला, पिशवीच्या तळाशी कापूस असतोच. घरचे हसतात. हसू देत.

आमचं मैदान गावाबाहेर सड्यावर होतं. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. वर गवत, खाली कातळ. मधली पट्टी तेवढी मातीची, रोलर फिरवून घट्ट केलेली, आणि तिच्यावर आम्ही मॅटिंग अंथरायचो. तिथून समुद्र दिसे. संध्याकाळी खेळताना बोलरच्या पाठीमागे पश्चिम असायची आणि बॅट घेऊन उभ्या असलेल्या मुलीच्या डोळ्यांत ऊन. आम्ही पांढरे पंजाबी ड्रेस घालून, ओढण्या कमरेला आडव्या बांधून खेळायचो. सडकेवरून जाणारे लोक सायकली थांबवून बघत उभे राहायचे.

मी बोलर. वेग फार नव्हता, पण नेम होता. कैऱ्या पाडण्यात माझं लहानपण गेलं त्याचा हा उपयोग. आणि माझी मैत्रीण ही संघाची पहिली बॅट. आठवीपासून आम्ही एका बाकावर बसायचो. ती बोलायला फटकळ आणि मी कामाला चोख, त्यामुळे आमचं जमायचं.

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी सरांनी नवा चेंडू आणला. तोवर आम्ही मुलांनी वापरून टाकलेले, साल निघालेले चेंडू खेळत होतो. हा लाल, गुळगुळीत आणि जड होता. सरांनी तो सगळ्यांच्या देखत माझ्या हातात दिला. मैत्रीण समोर उभी होती. मी पळत आले, हात वर गेला, आणि चेंडू सुटायच्या आधीच सुटला.

टप्पा पडलाच नाही. तो सरळ तिच्या तोंडाकडे गेला. ऊन डोळ्यांत असल्यामुळे तिला तो दिसलासुद्धा नाही.

आवाज मोठा नव्हता. पोळपाटावर लाटणं ठेवल्यासारखा. ती ओरडली नाही. तिने बॅट हळूच खाली ठेवली आणि मॅटिंगवर मांडी घालून बसली, जेवायला बसावं तशी. मग तिने तोंडावर धरलेल्या हाताच्या बोटांमधून रक्त आलं.

सरांनी रुमाल दाबला, तो भिजला. मी ओढणी सोडून दिली. रिक्षात ती मध्ये, एका बाजूला सर आणि एका बाजूला मी. ती एकच गोष्ट विचारत होती, "डोळा आहे ना गो?" मी "आहे, आहे" म्हणत होते. खरं तर मी बघितलंच नव्हतं. बघायची माझी हिंमत नव्हती.

डोळा वाचला होता. डाव्या डोळ्याखालच्या हाडाला चीर गेली होती. डॉक्टरांनी तिच्या आईला, सरांना आणि मला एकत्रच सांगितलं, "हाड भरून येईल. महिना-दीड महिन्यानं खेळूही द्या. पण त्याच जागी पुन्हा असा मार बसता कामा नये. दुसऱ्या वेळेला मी काही सांगू शकणार नाही."

त्या वेळी आमच्याकडे हेल्मेट नव्हतं. मुलांच्या संघाकडेही नव्हतं. असं काही असतं ते आम्ही फोटोत पाहिलं होतं.

तोवर मला भीती वाटायची ती सापांची आणि तोंडी परीक्षेची. साप गेला की ती भीती जायची, परीक्षा संपली की तीही. ही भीती वेगळी निघाली. ती हातात बसली. सकाळी वेणी घालताना, विहिरीवर रहाट ओढताना हात ठीक असायचा. चेंडू घेतला आणि समोर कोणी बॅट घेऊन उभं राहिलं की बोटं आपोआप आवळायची. मी पळत यायचे, हात वर जायचा. चेंडू एकदा पायाशी आपटायचा, एकदा बाजूच्या करवंदीच्या जाळीत जायचा. करवंदीत शिरून चेंडू काढायचा म्हणजे ओरखडे. मुली आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. त्यांचं ते गप्प बसणं मला जास्त लागलं.

सर कोल्हापूरकडचे. आमच्याशी बोलताना पुस्तकी मराठी बोलायचे, पण चिडले किंवा गंमतीत आले की त्यांची भाषा घाट चढून जायची.

"अगं पोरी, चेंडू हाय त्यो, चोर न्हवं. कशापायी असा आवळून धरतीस? पळून जातोय व्हय?"

"हो सर," मी म्हटलं. "गेला ना एकदा."

सरांनी चेंडू बाहीला पुसला आणि परत माझ्या हातात दिला.

मैत्रिणीला भेटायला मी रोज जायचे. पहिल्या दिवशी दारातच पाय अडखळला. तिचा चेहरा एका बाजूने सुजून जांभळा झाला होता आणि पापणी उघडत नव्हती. माझ्याकडे एका डोळ्याने बघत ती म्हणाली, "ये गो नेमबाज! इतक्या दिवसांत तुझा एक चेंडू धड स्टंपावर आला नाही, आणि डोळ्यावर मात्र बरोब्बर?"

मी रडायला लागले. ती म्हणाली, "गप बस. तू रडलीस की मला हसू येतं, आणि हसलं की दुखतं."

काकू, म्हणजे तिची आई, आम्हाला कॉफी देऊन आत जायची. रागावली नाही, टाकून बोलली नाही. पण माझ्याकडे बघायचीही नाही. कपबशी माझ्यासमोर ठेवताना तिची नजर कपावर असायची.

मी विचार करून प्रश्न सोडवणारी मुलगी. एखादी गोष्ट बिघडली तर तिचं कारण असणार, आणि कारण सापडलं की उपाय असणार. कारण मी शोधून काढलं होतं: हवा दमट, हाताला घाम, चेंडू नवा आणि गुळगुळीत, म्हणून तो निसटला. तेव्हा हाताला काहीतरी चिकट हवं.

फेब्रुवारीत आमच्या परसातला फणस कोवळ्या कुयऱ्यांनी लगडला होता. एके सकाळी आई भाजीसाठी कुयरी चिरायला बसली. विळीला आणि हाताला तेल लावून बसली होती, कारण कुयरीला पातं लागलं की दुधासारखा चीक गळायला लागतो आणि लागेल तिथे घट्ट बसतो. पोरं तो काठीला लावून चतुर धरायची. मी तो चीक बघत राहिले आणि मग रिकामी कुंकवाची डबी घेऊन आले.

"काय करत्येस गो तिथे?" आईने विचारलं.

"थोडा चीक घेत्ये."

"कशाला मेला? पातळाला लागला तर जन्मात जायचा नाही."

"काम आहे."

कामाची माणसं असं म्हणाली की घरात कोणी पुढे विचारत नाही. आईने कुयरीचा देठाकडचा तुकडा माझ्या डबीवर धरला.

त्या दिवशी मैत्रीण अपघातानंतर पहिल्यांदा मैदानावर आली. तिला खेळायची परवानगी अजून नव्हती; ती मॅटिंगच्या बाजूला कळशीजवळ दगडावर बसली. डोळ्याखाली पिवळट डाग राहिला होता. ती बघत्येय म्हणून मला आणखीच धडकी भरली. मी पाठमोरी झाले, डबी उघडली आणि दोन बोटांना, अंगठ्याला चीक लावला.

पळत आले. हात वर गेला, पुढे आला, खाली आला, आणि चेंडू हातातच. सुटला तो अगदी शेवटी. पायाशी पट्टीबाहेरच्या कातळावर आपटून मागे उसळला आणि पंच म्हणून उभ्या असलेल्या सरांच्या टोपीवरून गेला. सर खाली बसले. मी चेंडू आणायला वाकले तर मॅटिंगचे काथे बोटांना चिकटले. ते काढायला डावा हात लावला, तर तोही चिकटला.

"काय फासलंयस हाताला?" सर उठले.

"चीक, सर."

"कसला चीक?"

"फणसाचा."

"फणसाचा?" सरांनी टोपी काढली, परत घातली. "अगं, आमच्याकडं गावोगावी गुऱ्हाळं हायती. पण म्हनून कोन चेंडूला काकवी लावत न्हाई."

सगळ्या मुली मॅटिंगवर लोळायच्या बाकी राहिल्या. मैत्रीण एका हाताने डोळ्याखालचं हाड धरून हसत होती. हसता हसता तिच्या त्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. ते हसण्याचं पाणी आहे की दुखण्याचं हे मला कळेना. मी काथे चिकटलेल्या दोन्ही हातांनी तशीच उभी राहिले.

सरांनी मला बाजूला नेलं. जवळच्या घरातून वाटीत खोबरेल मागवलं. माझ्या बोटांवर ते ओतत ते सावकाश, पुस्तकी मराठीत बोलले.

"आंघोळ करताना ओला साबण हातात आवळलास तर काय होतं?"

"निसटतो."

"आणि नुसता धरलास तर?"

"राहतो."

"मग? चेंडू घामाने निसटत नाही. आवळल्यावर निसटतो. त्या दिवशी तू तो सैल धरला होतास म्हणून सुटला, असं तुला वाटतं ना?"

मला तसंच वाटत होतं. इतके दिवस मी दर खेपेला आणखी घट्ट धरत होते, आणि त्यालाच सावधगिरी म्हणत होते. मी सरांकडे बघितलं. म्हणजे मी ज्याला औषध समजत होते तोच आजार होता. हे कळल्यावर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट मी जास्त घाबरले, कारण बोटं मी आवळत नव्हते. ती आपली आपण आवळत होती. माझं ऐकत नव्हती.

सरांनी सांगितलेलं मी घरी जाऊन मुद्दे पाडून लिहिलं, सवयच ती. पहिली दोन बोटं शिवणीच्या दोन बाजूंना, अंगठा खाली शिवणीवर. चेंडू बोटांत, तळव्याला टेकलेला नाही. मध्ये उजेड दिसला पाहिजे. मनगट मोकळं. सोडताना ढकलायचं नाही, खेचायचं नाही. हात आपल्या वाटेने जातो आणि चेंडू बोटांच्या टोकांवरून उतरून जातो. शेवटचा मुद्दा माझा स्वतःचा होता: नखं बघायची. पांढरी दिसली तर थांबायचं.

रविवारी सकाळी ओहोटीच्या वेळेला मी भाट्याच्या किनाऱ्यावर गेले. सुरूच्या बनातली एक काठी ओल्या वाळूत रोवली आणि तिच्यावर चेंडू टाकत राहिले. आश्चर्य म्हणजे हात ऐकायला लागला. बोटं गुलाबी. चेंडू सुटताना शिवण बोटाला हलकेच घासून जाई आणि तो काठीकडे निघे, तेव्हा मला त्याच्याकडे बघायचीही गरज वाटत नसे. झालं, सुटला प्रश्न, असं मी मनात म्हटलं.

तेवढ्यात कालवं काढून परत निघालेली एक बाई, डोक्यावर पाटी घेऊन, काठीच्या पलीकडून चालत आली. चांगली लांब होती. मी पळायला सुरुवात केलेली. तिची आकृती दिसली आणि माझी बोटं चेंडूवर अशी बसली, जसं कोणीतरी वरून झाकण दाबावं. चेंडू सुटला तो आडवाच, तिच्या पायांपुढून समुद्रात.

"डोकं फोडशील गो माझं!" बाई पाटी सावरत ओरडली. "खेळायला दुसरी जागा नाही?"

गुडघाभर पाण्यात शिरून मी चेंडू आणला. तेव्हा पक्कं कळलं: मला चेंडू टाकता येत होता. माणसावर टाकता येत नव्हता.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी मैत्रिणीला खेळायची परवानगी दिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिच्या घरून निघाले तेव्हा काकू माझ्यामागे फाटकापर्यंत आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने माझ्याकडे सरळ बघितलं.

"तिला खेळायचंय," ती म्हणाली. "नको म्हटलं तर ऐकायची नाही. बापावर गेलीय. खेळू दे. पण तुला एक सांगू?"

"सांगा ना काकू."

"तू तिला टाकू नकोस. दुसरी कोणी टाकू दे. तुझ्यावर राग नाही माझा. पण तुझा हात वर गेलेला मला स्वप्नात दिसतो, आणि तिथे मी नव्हतेसुद्धा."

"नाही टाकणार, काकू," मी म्हटलं. इतकं पटकन म्हटलं की तिलाही नवल वाटलं असावं. मला तर कोणीतरी हेच सांगायला हवं होतं. घरी जाताना रस्त्यावर मी हलकी झाले होते.

पुढच्या महिन्यात आमचा संघ बाहेरगावी सामन्याला जायचा होता. त्याआधी सरांनी आमच्या आमच्यातच एक सामना ठेवला. "भिडू तुमचे तुम्ही पाडा," असं सांगून ते मॅटिंगचे खिळे तपासायला गेले.

भिडू पाडायची आमची रीत लहानपणापासूनची. दोन कप्तान बाजूला उभ्या राहायच्या. बाकीच्यांनी जोड्या करायच्या, साधारण सारख्या जोराच्या. प्रत्येक जोडीने लांब जाऊन कानात नावं ठरवायची आणि गळ्यात हात टाकून परत यायचं. "आंबा हवा की काजू?" कप्तान जे मागेल ती मुलगी तिच्याकडे, उरलेली समोरच्या बाजूला. म्हणजे जी तुझ्या जोडीला येते ती कधीच तुझ्या संघात नसते. म्हणूनच जिवाभावाच्या मैत्रिणी जोडी करत नाहीत. आम्ही दोघींनी आठवीपासून एकदाही केली नव्हती.

मी दुसऱ्या एका मुलीकडे निघाले होते. पाठीमागून कोणीतरी माझ्या गळ्यात हात टाकला.

"चल," मैत्रीण म्हणाली. "आपली जोडी."

"वेडी आहेस का? समोरासमोर येऊ आपण."

"म्हणूनच चल."

"मी काकूंना शब्द दिलाय."

"मला नाही ना दिलास? तू पालखी. मी होडी. चल बोल आता."

सगळ्या आमच्याकडे बघत होत्या. जोडीचा हात झिडकारणं म्हणजे भांडण, तेही सगळ्यांसमोर. तिने माझी मान सोडलीच नाही. कप्तानाने पालखी मागितली, मी तिच्याकडे गेले. मैत्रीण समोरच्या संघात. तिची पहिली बॅट, आणि आमच्या बाजूला नवा चेंडू टाकायला माझ्याशिवाय कोणी नाही.

मी सरांकडे गेले. "सर, माझा हात दुखतोय."

सरांनी माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. "कुठे?"

मी मनगट दाखवलं, मग कोपर.

ऊन अजून वर होतं, एवढी एक सोय. तिने पॅड बांधले आणि मॅटिंगच्या टोकाला जाऊन उभी राहिली. डोळ्याखालचा डाग आता गेला होता, पण तिथे बारीकसा खळगा होता, आणि मला दुसरं काही दिसेना. स्टंप दिसेना, बॅट दिसेना. फक्त तो खळगा. नखांकडे बघितलं: पांढरी. थांबायचं, असं मीच लिहिलं होतं. पण सामन्यात थांबणार किती?

पहिला चेंडू मी मुद्दाम बाहेर टाकला. तिच्यापासून लांब. दुसरा त्याहून लांब. तिसरा असा गेला की विकेटकीपर आडवी पडली तरी हाताला आला नाही. माझ्या मनात एकच हिशोब होता: बाहेर टाकत राहायचं, कसंतरी हे षटक संपवायचं आणि चेंडू दुसरीला द्यायचा.

तिने सरांना हात करून थांबवलं आणि मॅटिंगवरून चालत थेट माझ्यापर्यंत आली.

"काय चाललंय तुझं? चेंडू टाकत्येस की कावळे हाकलत्येस?"

"मला जमत नाहीये. तुझा डोळा..."

"डोळा माझा आहे. तो मी सांभाळीन. तू तुझा हात सांभाळ."

"परत लागलं तर? डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंयस ना तू?"

"ऐकलंय," ती म्हणाली. तिचा आवाज खाली आला. "मलाही भीती वाटत्येय गो. पण बाहेरगावच्या मैदानावर कोणीतरी परकी मुलगी चेंडू टाकणार आणि मी तिच्यासमोर पहिल्यांदा उभी राहणार? त्यापेक्षा तू बरी. आणि एक ऐक. त्या दिवशी मला चेंडू दिसला नव्हता, पण तुझा हात दिसला होता. पळत येताना बोटं अशी पांढरीफटक होती, भाकरीचं पीठ लागल्यासारखी. आत्ताही तशीच आहेत. अशीच ठेवलीस तर नक्की लागेल मला. तेवढं बघ."

ती परत गेली, मॅटिंगवर बॅट टेकवली आणि वाकून उभी राहिली.

मी चेंडू डाव्या हातात घेतला आणि उजवा हात खाली सोडून हलवला, ओले कपडे झटकावेत तसा. परत धरला. शिवण, दोन बोटं, अंगठा. तळवा आणि चेंडू यांच्यामध्ये उजेड. भीती गेली नव्हती. ती पोटात होती, गुडघ्यांत होती, कानांत वाजत होती. ती सगळीकडे राहू दे, मी स्वतःशी म्हटलं, फक्त या दोन बोटांत नको. मी पळायला लागले. पळताना समोर बघितलंच नाही, नखांकडे बघत होते. शेवटच्या दोन ढांगा उरल्या तेव्हा नजर वर केली आणि स्टंपाचं टोक शोधलं. हात गेला. चेंडू बोटांवरून उतरला. शिवणीचा तो हलका घासलेला स्पर्श, भाट्याला होता तसा.

टप्पा मॅटिंगवर, बरोबर जिथे पडायचा तिथे. तिने पाय पुढे टाकून अडवला. बॅटचा कोरडा टक् आवाज झाला.

पुढचा तिने मारला. करवंदीच्या जाळीत. माझा चेंडू असा तडकावला गेल्याचा इतका आनंद मला आयुष्यात पुन्हा झाला नाही. फील्डिंग करणारी माझ्यावर करवादली, "हसत्येस काय? आता काट्यात तूच जा."

आमच्या आमच्यातल्या सामन्यात वाइड धरत नसत, म्हणून हा षटकाचा शेवटचा चेंडू. बोटं सैल होती, सुटलाही नीट. पण मॅटिंगची एक कड खिळ्यापाशी उचलली गेली होती आणि टप्पा नेमका तिच्यावर पडला. चेंडू उसळला, सरळ तिच्या तोंडाकडे. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. तिने मान मागे घेतली, आणि तो तिच्या कानाजवळून, वेणीला वारा घालून मागे गेला.

मी तिथेच मॅटिंगवर उकिडवी बसले. सर हातोडी घेऊन धावले आणि तो खिळा ठोकायला लागले. ती दोन्ही हातांनी बॅट धरून उभी होती, तोंड पांढरं पडलेलं. मग तिने डाव्या डोळ्याखाली बोट लावून बघितलं, जसं काही तो जागेवर आहे की नाही याची खात्री करत होती.

"हा चांगला होता गो," ती म्हणाली. "हा मला दिसला."

संध्याकाळी ती मला ओढत तिच्या घरी घेऊन गेली. मला जायचं नव्हतं. काकू पडवीत सुपात तांदूळ निवडत बसली होती. तिने आधी मुलीकडे बघितलं, डाव्या डोळ्याकडे, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. मग माझ्याकडे.

"कोणी टाकला?"

"हिने," मैत्रीण म्हणाली. "मीच टाकायला लावला. एक उसळला, तो मॅटिंगचा खिळा निघाला म्हणून. हिला कशाला विचारत्येस?"

काकू मलाच विचारत होती. "मी सांगितलं होतं तुला."

"हो काकू."

"शब्द दिला होतास."

"हो."

ती पुन्हा सुपाकडे वळली. एक खडा काढला आणि बाहेर टाकला. मग सूप बाजूला ठेवून आत गेली आणि खोबऱ्याच्या वड्यांचा डबा घेऊन आली. एक वडी मुलीला दिली, एक माझ्यापुढे धरली. मी हात पुढे केला, पण मूठ मिटलेली होती. केव्हापासून मिटलेली होती कोण जाणे. मैदानापासून असेल.

"उघड की," काकू म्हणाली.

मी उघडली. तळव्यावर नखांचे चार वळ उमटले होते. काकूने ते बघितले, वडी त्यांच्यावर ठेवली आणि पुन्हा तांदूळ निवडायला बसली.

"बाहेरगावी जाल तेव्हा," सुपावरची नजर न काढता ती म्हणाली, "मॅटिंगचे खिळे तू स्वतः बघ. त्या सरांच्या भरवशावर राहू नकोस."